शेजारची गिरणी

तुम्ही चालती गिरणी मारलीत आणि नसलेली गिरणी चालवलीत. पंख्याखाली बसून दोन्ही उद्योग केलेत आणि वर हात झटकून मोकळे झालात. 'ग्रामीण लघुउद्योगांना अर्थसाहाय्य' असं तुमच्या कचेरीच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवून घेतलंय ना? ते साहाय्य कोणाच्या घशात गेलं, हे विचारायचंय. तुमचं नाव घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही म्हणणार, तेव्हा मी रजेवर होतो. रजेवर होतात की खुर्चीवर, ते तुमचं तुम्हांला माहीत. आधी सगळं ऐकून घ्या, आणि मध्ये बोलू नका. गिरणीवाली तुमच्या कचेरीच्या खिडकीसमोर उभी होती तेव्हा तिला कुठे कोणी बोलू दिलं?

गावात पिठाची गिरणी एकच. एका खोलीची, पत्र्याच्या छपराची, आणि दाराच्या चौकटीवर पिठाच्या हातांचे इतके ठसे की मूळ रंग कोणता ते कोणालाच सांगता येत नव्हतं. ती चालवणारी बाई म्हणजे गिरणीवाली. तिला दुसऱ्या नावानं हाक मारली असती तर तिनंही मागे वळून बघितलं नसतं. नवरा दूरच्या बंदरावर बोजे उचलायला गेलेला. वर्षातून एकदा यायचा आणि पाहुण्यासारखा राहून जायचा. घरात सासरे, आबा. आबांचे दोन्ही कान गिरणीच्या खडखडाटानं कधीच खाल्ले होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडायचं, किंवा हातवारे करायचे, किंवा सरळ त्यांच्या तळहातावर बोट ठेवून काय ते समजवायचं.

सकाळ झाली की बायका डबे घेऊन यायच्या आणि गिरणीत एकच कल्ला.

"अगं, मक्यावर माझा गहू टाकू नकोस. मागच्या खेपेला सगळं पीठ पिवळं झालं होतं."

"मग तुझ्यासाठी काय वेगळी गिरणी बांधू?"

"बांध की! तेवढीच रांग कमी होईल."

गिरणीवाली हसायची, हॉपरमध्ये धान्य ओतायची, आणि खालच्या कापडी नळीतून पीठ उतरायला लागलं की चिमूट घेऊन अंगठ्यानं चोळून बघायची. जाड आलं तर दगड थोडा खाली, फार बारीक आलं तर थोडा वर. पीठ गरम असायचं. थंडीत बायका मुद्दाम डब्यात हात घालून उभ्या राहायच्या.

पण मोटर म्हातारी झाली होती. दुपार झाली की जळका वास सुटायचा. वायरमननं शेवटचं उघडून बघितलं आणि म्हणाला, "हिला आता मी हात लावणार नाही. हात जोडणार." मोटर गेली की गिरणी गेली, आणि गिरणी गेली की या घरात दुसरं काही नव्हतं. म्हणून तिनं तुमच्याकडे मदत मागितली. अर्धी किंमत सरकार देणार, असं तुम्हीच सांगत होतात. त्याआधी एक साहेब येऊन धंदा खरंच चालतोय का ते बघून जाणार, एवढीच अट.

साहेब आले, पण कळवून आले नाहीत. आणि नेमके आले ते दगड उचललेल्या दिवशी.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. दळून दळून दगडाच्या खाचा बुजतात. मग वरचा दगड उचलून भिंतीला उभा करायचा, छिन्नी-हातोडीनं खाचा पुन्हा कोरायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दगड परत बसवायचा. या घरात त्याला म्हणतात, आज गिरणी उठली. दगड परत ठेवला की गिरणी बसली. आबांचा बाप हेच बोलायचा, आबाही हेच बोलतात. त्यात काही वंगाळ आहे हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

साहेब दारातच थांबले. बुटांना पीठ लागू नये म्हणून.

"गिरणी कुठाय?" त्यांनी विचारलं.

आबा छिन्नी घेऊन बसले होते. ऐकू काही आलं नाही, पण माणूस काय विचारतोय ते तोंडावरून कळलं. अभिमानानं दोन्ही हात वर करून ते ओरडले, "उठली! आज सकाळीच उठली!"

"उठली?"

"हां! पार उठली!"

साहेबांनी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि शांतपणे म्हणाले, "पाहणीच्या वेळी गिरणी उठलेली आढळली."

गिरणीवाली मागच्या अंगणात होती. आवाज ऐकून धावत आली. दगडाच्या भुकटीनं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. साहेब दोन पावलं मागे सरले.

"ही कोण?"

"मीच, साहेब. गिरणी माझीच."

त्यांनी खिशातून छोटं मशीन काढलं. "अंगठा ठेवा."

तिनं ठेवला. मशीन लाल झालं. पदराला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. ओला करून ठेवला, जोर देऊन ठेवला, आडवा ठेवला.

"तुमच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत, बाई."

"पीठ चोळून चोळून गेल्या, साहेब."

"मग तुम्हांला ओळखायचं कसं?"

"अख्खं गाव ओळखतंय की!"

"गावानं ओळखून काय उपयोग? मशीननं ओळखायला पाहिजे." त्यांनी तिचा एक फोटो काढला. त्या फोटोत पांढऱ्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसती दोन काळी भोकं आली होती. तो बघून साहेबांनी मान हलवली, जणू हेच हवं होतं. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दगड बसला, मोटर जळक्या वासासकट फिरायला लागली. वाट बघून बघून शेवटी गिरणीवाली तुमच्या कचेरीत आली. खिडकीमागे कारकून होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"तुमची गिरणी उठली आहे," तो म्हणाला.

"अहो, उठली होती! दुसऱ्याच दिवशी बसली की."

"बसली?" त्यानं चष्मा वर केला. "कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. आता चांगली घट्ट बसलीय. आमचे आबा बसवतात ना, ती हलत नाही."

कारकुनानं शेजारच्या टेबलाकडे बघून सांगितलं, "लिहून घ्या हो. आधी उठली, आता बसली." शेजारचा खो खो हसला. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं समजावून सांगायला सुरुवात केली, दगड काय, खाचा काय, छिन्नी काय. हातानं करून दाखवलं. मागच्या रांगेतले लोकही हसायला लागले.

"बाई, तेच ते दळण दळू नका," कारकून म्हणाला. "बसलेल्या धंद्याला मदत देता येत नाही. तुम्ही योजनेत बसत नाही."

"गिरणी बसली तरी चालत नाही, आणि मी बसले नाही तरी चालत नाही. मग करायचं काय आम्ही? उभं राहायचं?"

"तशीही तुमच्या गावच्या गिरणीला मदत गेलीय."

"कुठल्या गिरणीला?"

"तुमच्या शेजारची. मोकळ्या जागेतली. चालू आहे. अंगठाबिंगठा सगळं व्यवस्थित."

गिरणीवालीच्या शेजारी जागा होती, पण तिच्यात कंबरेएवढी काटेरी झुडपं आणि एक फुटका रांजण, एवढंच. ती तसं म्हणालीही. कारकुनानं तोवर पुढच्या माणसाला हाक मारली होती.

त्यानंतर दोन माणसं गाडीतून आली आणि मोकळ्या जागेत एक फलक रोवून गेली. निळा फलक, पांढरी अक्षरं: 'शासनाच्या अर्थसाहाय्यातून उभारलेली पिठाची गिरणी'. खाली बाण. बाण झुडपांकडे. त्यांनी फलकासमोर उभं राहून फोटो काढला आणि गाडी वळवली. गाव खूप हसलं. "वहिनी, तुझी शेजारीण आली गं," असं म्हणत नणंद पोट धरून हसली. नणंद गावातच दिली होती. जिभेला हाड नाही, पण भावजयीवर जीव. फलकावर कोणीतरी चपला वाळत टाकल्या.

मग एक दिवस वीज गेलेली होती. गिरणी बंद. गिरणीवाली ओट्यावर मोटरच्या पट्ट्याला टाके घालत बसली होती. आबा आतून बाहेर आले, भुवया आक्रसून.

"कोण दळतंय?"

तिनं हात हलवला: कोणी नाही, वीज नाही.

"मला ऐकू येतंय ना," आबा म्हणाले.

तिच्या हातातली सुई थांबली. शेजारी ढोल वाजला तरी आबांना कळत नसे. लग्न झाल्यापासून तिनं त्यांना कसलाच आवाज ऐकताना पाहिलं नव्हतं. आबा खाली वाकले, जमिनीवर तळहात टेकला आणि फलकाच्या दिशेला मान वळवून बसून राहिले.

"भरधाव चाललीय," ते हळू आवाजात म्हणाले. "पण दाणा नाही आत. दगड दगडाला खातोय."

तिला काही ऐकू आलं नाही. वास मात्र आला. चकमक घासल्यासारखा, तापलेल्या दगडाचा वास.

त्यानंतर रांग कमी व्हायला लागली. आधी तिला वाटलं, पेरणीचे दिवस, बायका शेतावर असतील. मग भर सकाळी तिनं नणंदेला डबा कमरेवर घेऊन दारावरून पुढे जाताना पाहिलं. नुसतं "वन्सं!" म्हणून हाक मारली, तर नणंदेनं वळूनसुद्धा बघितलं नाही. फलकापाशी थांबली, बाणाकडे वळली आणि झुडपांत शिरली. काट्यांची एक फांदी हलली नाही. थोड्या वेळानं बाहेर आली, तेव्हा डब्याच्या झाकणाला पीठ लागलेलं.

गिरणीवालीनं तिला रस्त्यातच अडवलं. "कुठून आणलंत?"

"काय कुठून?"

"पीठ, वन्सं!"

"शेजारच्या गिरणीतून."

"तिथं झुडपं आहेत! तुम्हीच हसला होतात ना?"

नणंद गोंधळल्यासारखी झाली. झोपेतून उठवल्यावर माणूस बघतं तसं तिनं बघितलं. "हसले होते? असेन."

गिरणीवालीनं झाकण उघडून डब्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. पीठ गार होतं. विहिरीच्या तळाच्या दगडासारखं गार. तिनं चिमूट चोळून बघितली: ना जाड, ना बारीक. चोळता चोळता बोटांत काही राहिलंच नाही.

"हे खाता तुम्ही?"

"खातो की. पोरं दोनदा मागून घेतात. तिसऱ्यांदाही मागतात." नणंदेनं डबा कमरेवर सावरला. "पोट काही भरत नाही बाई मेल्यांचं."

"दळून कोण देतं तिथं?"

नणंद आता खरंच हसली, पूर्वीसारखी. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तूच तर दिलंस आत्ता."

गिरणीवालीनं चोळलेली बोटं पदराला पुसली.

तिच्या गिरणीत हळूहळू कोणी येईनासं झालं. आलेली माणसं दारात थांबायची, आत बघायची, आणि बंद दुकान बघून वळावं तसं वळून जायची. ती आत उभी असायची, मोटर चालू असायची. "अहो, या की! चालू आहे!" ती ओरडायची. एका म्हाताऱ्यानं तर तिच्याच दाराला टेकून बिडी ओढली आणि सोबतच्याला सांगितलं, "इथं आधी गिरणी होती बरं का."

शेवटी एका दुपारी ती स्वतःच फलकामागे गेली.

काटे पदरात अडकले, म्हणजे झुडपं खरी होती. गिरणी नव्हतीच; भिंत नाही, छप्पर नाही. पण पायाखालची जमीन थरथरत होती, आणि गवतात डबे मांडलेले होते, ओळीनं, झाकणं उघडी. सगळ्या गावाचे डबे तिला झाकणावरून ओळखता यायचे. हा नणंदेचा, हा शिंपिणीचा, हा त्या पिवळ्या पिठावरून भांडणारीचा. डब्यांतले दाणे खालून कोणीतरी ओढून घेतल्यासारखे खचत होते, आणि त्यांच्या जागी पांढरं काहीतरी वर येत होतं. तापलेल्या दगडाचा वास नाकात बसला.

मग एका डब्यावर हात आला. पांढराफटक हात. मनगटावर पट्ट्यानं कापल्याचा जुना व्रण, अगदी तिच्याच मनगटावर होता तिथं. त्या हातानं पिठाची चिमूट घेतली आणि अंगठ्यानं चोळली. सावकाश, जशी ती चोळायची तशी. पण त्या अंगठ्यावर रेषा होत्या. स्वच्छ, गोल गोल, नुकत्या उमटवल्यासारख्या.

"कोण गं तू?" गिरणीवालीनं विचारलं.

हाताच्या वर काय होतं ते तिनं बघितलं. कोणालाच तिनं ते नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, तो फोटो होता. साहेबांनी काढलेला. डोळ्यांच्या जागी दोन भोकं.

ती काट्यांतून धडपडत बाहेर आली ती थेट घरात शिरली. आबा भिंतीला टेकून बसले होते. ती समोर उभी राहिली तर त्यांनी डोळे किलकिले केले.

"कोण आहे?" आबा म्हणाले. "दळायचं असलं तर पलीकडे जा. सूनबाई पलीकडे आहे."

"आबा, मी!" ती ओरडली. ओरडून काय होणार? तिनं स्वतःच्या छातीवर हात मारला. आबांनी मान हलवली, परक्या बाईला हलवतात तशी, नम्रपणे. "जा, जा. चालू आहे तिथं."

ती त्यांच्यापुढे मटकन बसली. त्यांचा हात ओढून घेतला आणि तळहातावर आपला अंगठा दाबून धरला. आबांनी सवयीनं बोटं मिटली. मग अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं. एकदा. पुन्हा. गारगोटीसारखा गुळगुळीत अंगठा. त्यांचा स्वतःचाही तसाच होता.

आबांचा चेहरा बदलला. "अगं," ते म्हणाले, "तू इथं आहेस?"

तिनं मान हलवली.

आबा तिचा हात धरून बसले. पलीकडचा आवाज त्यांना ऐकू येतच होता, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्यांनी तिच्याकडे बघून, एरवीसारखं न ओरडता विचारलं, "मग तिथं कोण आहे?"

उत्तर ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे ती निघाली. अंगावरचं पीठसुद्धा झटकलं नाही.

तुमच्या कचेरीत त्या दिवशी रांग नव्हती. दारापासून खिडकीपर्यंत फरशीवर पांढरी पावलं उमटली होती. अनवाणी, तिच्याच पायांच्या मापाची. गिरणीवालीनं त्यातल्या एकावर पाय ठेवून बघितला. बरोब्बर बसला. पावलं नुसती आत गेलेली होती, परत आलेली नव्हती.

कारकुनानं वर बघितलं. "पुन्हा आलात?"

"पुन्हा म्हणजे?"

"अहो, आत्ताच दुसरा हप्ता घेऊन गेलात ना! काही विसरलं का?"

"मला पहिलासुद्धा मिळाला नाही."

"असं कसं?" तो मायेनं समजावल्यासारखा म्हणाला. "माझ्यासमोर अंगठा लावलात. पहिल्या झटक्यात हिरवा. मी म्हटलंसुद्धा, बघा, आता कसं छान लागलं!" आणि त्यानं तसलंच लाल होणारं मशीन तिच्याकडे सरकवलं. "लावून बघा ना पुन्हा."

तिनं हात मागे घेतला. मोकळ्या कचेरीत कुठूनतरी खालून, फरशीच्याही खालून, बारीक घरघर येत होती. आता ती तिलाही ऐकू आली. कारकुनाच्या टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तो जांभई देत होता. त्याच्या भुवयांवर पांढरी भुकटी होती. आतल्या केबिनच्या दारामागे तुम्ही होतात. काचेतून तुमची सावली दिसत होती, आणि तुमच्यासमोरच्या खुर्चीत आणखी एक सावली, बाईची, मांडीवर हात ठेवून बसलेली.

"आत कोण आहे?" गिरणीवालीनं विचारलं.

"साहेब लाभार्थींशी बोलतायत. नंतर या."

ती नंतर आली नाही. ती तिथंच, केबिनच्या दाराशी उभी राहिली आणि तळहातानं दार बडवायला लागली. प्रत्येक थापेला काचेवर एक पांढरा पंजा उमटत होता.

"साहेब!" ती ओरडली. गिरणीत ओरडून कमावलेला आवाज, रस्त्यापर्यंत गेला. "मदत नाही दिलीत, ते राहू द्या. मोटर जळेल तेव्हा जळेल. पण माझा चेहरा घेऊन, माझं काम घेऊन, माझं गाव घेऊन जी तुमच्या पुढ्यात बसलीय, तिला तुम्ही कुठून आणलीत? माझे सासरे विचारतायत. दार उघडा आणि तोंडानं सांगा. ती कोण आहे?"